मेणातला दाणा

रास्ता पेठेतल्या आमच्या लॅबच्या तळघरात
मेणाचे ठोकळे बिस्किटांच्या जुन्या डब्यांत राहतात.
मुंग्या लागत नाहीत. उन्हाळ्यात मात्र
वरचे खालच्यांना थोडे चिकटतात.

तुमचा सापडायला अडीच दिवस लागले.
वहीत नाव नव्हतंच:
'बेबी ऑफ प्रमिला कोंढाळकर, भोर. वय चौदा महिने.
हर्नियाच्या ऑपरेशनात आढळलेली ग्रंथी. तुकडा.'
लिंगाच्या रकान्यात कुणीतरी 'स्त्री' लिहून,
खोडून, पुन्हा 'स्त्री' लिहून,
शेवटी नुसती एक रेघ ओढलेली.
अक्षर माझंच.

तेव्हा मी नवी होते. कुणी विचारलं की म्हणायचे, बाळ.
बाळ झोपलं, बाळ रडलं, बाळ घरी गेलं.
भाषेनं तेवढी सोय करून ठेवलीय.
फॉर्म छापणाऱ्याला ती सुचली नव्हती.

एकोणीस वर्षांनी भोरच्या एसटीनं स्वारगेटला उतरून
तुम्ही आलात.
तू म्हटलं असतं तर आलास की आलीस
हे मला ठरवावं लागलं असतं, तुमच्याआधी.
तुम्ही आलात, बसलात, पाणी प्यायलात,
इतकं बोलून माझं भागलं.

पुढच्या महिन्यात आई सोबत होती.
तिच्या हातात बरणी, रिक्षात मांडीवर धरून आणलेली,
झाकणाला चिकटपट्टी, आत फॉर्मलिन,
त्यात तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे.
मला म्हणाली, "हलवली नाही हं."

मग माझं काम.
चार मायक्रॉन. मेणाची फीत कोमट पाण्यावर सोडायची,
सुरकुती पडली तर फुंकर नाही मारायची, थांबायचं.
काचेच्या कडेला नंबर पेन्सिलीनं,
शाई झायलीनमध्ये विरघळते.
मग ऑक्ट-थ्री-फोर. बसच्या नंबरासारखं नाव.
जी पेशी मोठी व्हायची राहून गेली
तिच्या केंद्रकात ते शोधायचं. असलं तर तपकिरी.
बाकी सगळं निळं.

आधी जुना ठोकळा.
तपकिरीच तपकिरी.
माझ्या पोटात गोळा आला.
हसबनीस मॅडम म्हणाल्या, "वय बघ गं आधी.
आणि बसल्यात कुठे ते बघ, नळीच्या मधोमध.
उशीर झालाय त्यांना. उशीर म्हणजे बिघाड नव्हे."

मग नवा.
निळं. निळं. दुसऱ्या काचेवरही निळं.
तिसरीवर एका नळीत चार पेशी,
भिंतीला पाठ लावून.
मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
दुसरं रसायन लावायला सांगितलं.
तेही तिथेच तपकिरी उतरलं.

तुम्ही विचारलंत, "कॅन्सर?"
"नाही. त्याच्या आधीचं."
"मग होणार?"
"कुणाचं होतं, कुणाचं वर्षानुवर्षं तसंच राहतं.
हे मला काचेवरून सांगता येत नाही."
त्या खोटं बोलत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे गर्दी कमी.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात,
सूक्ष्मदर्शकात वाकलात.
खाली सोमवार पेठेकडे जाणारा टेम्पो हॉर्न वाजवत होता.
"चारच?"
"चारच."
"आणि या माझ्याच ना?"
मॅडम हसल्या. मला जमलं नाही.

आई भिंतीकडे बघत म्हणाली,
"तेव्हा सही मी केली होती. वाचली नव्हती."
या वेळी कागद तुमच्यासमोर होता,
काढायचं की लक्ष ठेवायचं.
तुम्ही एक आठवडा मागून घेतलात
आणि पेन परत दिलंत.

संध्याकाळी वही उघडली.
बेबी ऑफच्या पुढे, तुम्ही सांगितलंत ते नाव
लिहिलं, जसंच्या तसं.
रेघ खोडली नाही.

दोन्ही ठोकळे आता एका डब्यात आहेत,
लहानपणचा आणि हा.
मध्ये बटरपेपर घातलाय.
मे महिना आहे.